फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर : डिजिटल नोंदी कशा लावता? (अनुभव धागा)

परवा एक साधी नोंद शोधत होते, वॉशिंग मशीनच्या वॉरंटीची. ‘घर’, त्यात ‘कागदपत्रं’, त्यात ‘उपकरणं’, त्यात ‘मोठी उपकरणं’. चार पायऱ्या उतरून गेले तर तळाला काहीच नाही. नोंद निघाली ‘खर्च’मधल्या ‘बिलां’त. तिथेही ती बरोबरच होती म्हणा. ठेवताना पैशांचा विचार डोक्यात होता, शोधताना मशीनचा. तुमचं काय? जमलेलं सांगाच, फसलेलं आधी सांगा.

*

फसलेलं माझ्याकडे भरपूर आहे. सात-आठ थर, प्रत्येक फोल्डरला ऐसपैस मराठी नाव. बॅकअप घ्यायला गेलो तर कित्येक फायली कॉपीच होईनात. मग कळलं की विंडोजवर फाईलचा पूर्ण पत्ता पूर्वापार २६० अक्षरांत बसवावा लागतो. २०१६ पासून विंडोज १० मध्ये ही अट सैल करता येते, पण ती सोय आपण चालू करावी लागते आणि प्रोग्रामलाही ती कळावी लागते. शिवाय काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘कार्यक्रम’ आपल्याला चार अक्षरी, संगणकाच्या लेखी नऊ! आता दोनच थर, नावं आखूड आणि सुरुवातीला तारीख, तीही वर्ष आधी : २०२४-०३-०५. त्यामुळे यादी आपोआप काळानुसार लागते.

*

मी थर काढून टॅग लावले. आगीतून फुफाट्यात! ‘पुस्तक’, ‘पुस्तके’, ‘वाचन’ आणि ‘वाचायचंय’ असे चार टॅग एकाच गोष्टीला. शेवटी विषयाचे टॅग बंद केले. ‘चालू’ आणि ‘उत्तराची वाट’ हे दोनच ठेवलेत.

*

‘थर कशाला, सर्च आहे की’ असं म्हणणाऱ्यांनी मराठीत नोंदी ठेवून बघाव्यात. मी घाईत ‘सुचना’ लिहिते आणि वर्षभराने ‘सूचना’ शोधते. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र तर दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो. फोनवर एक, संगणकावर दुसरा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साधा सर्च त्यांना वेगळे शब्द समजू शकतो. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सामायिक संकेतपद्धतीच्या) आधीच्या फाँटमधल्या फायली तर मराठीत शोधून सापडतच नाहीत.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. नोंदीच्या पहिल्या ओळीत, दमलेली असताना मी जे शब्द टाइप करीन ते सगळे लिहून ठेवते. ‘विमा इन्शुरन्स पॉलिसी हप्ता’. शुद्धलेखनाची शंका असेल तर दोन्ही रूपं. दिसायला गबाळं दिसतं, पण ही सवय लागल्यापासून माझे बहुतेक फोल्डर गळून पडले.

*

वरच्या ताईंना अनुमोदन. थोडं अवांतर : निकलास लुमान (१९२७–१९९८) या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९०,००० कागदी चिठ्ठ्या जमवल्या होत्या. विषयांची नेटकी उतरंड न रचता प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक द्यायचा, आणि तिच्यावर संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक लिहायचे. ऑब्सिडियनसारख्या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की तसाच दुवा तयार होतो. प्रबंधासाठी मला याचा फार उपयोग झाला. त्याच उत्साहात किराणा मालाच्या यादीलाही क्रमांक दिले होते, ते घरात अजून ऐकवलं जातं.

*

मी जरा उलट बोलतो. आमच्या ऑफिसात सहा जण एकच साठा वापरतात. वर्ष, अशील, कामाचा प्रकार हे तीन थर लागतातच, कारण माझी फाईल माझ्या रजेच्या दिवशी दुसऱ्याला सापडली पाहिजे. त्याला माझे सर्चचे शब्द कुठून माहीत असणार? पण चौथा थर कुणी केला की आम्ही विचारतो, ‘यात आत्ता किती फायली आहेत?’ बहुतेक वेळा उत्तर एक असतं. मग तो फोल्डर लगेच जातो. घरी मात्र माझंही सगळं एकाच ढिगात असतं.

*

एकच ‘जमा’ फोल्डर. दर शुक्रवारी चाळतो. चार शुक्रवार जे नुसतं पुढे ढकललं, ते पुसतो. अजून पस्तावलो नाही.

*

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचं वाचून रात्री बसलेच. ६३ फोल्डर होते, त्यांतले १९ रिकामे. आता ५ उरलेत. वॉरंटीच्या नोंदीवर पहिल्या ओळीत ‘वॉशिंग मशीन धुलाई यंत्र वॉरंटी बिल दुरुस्ती’ असं सगळं लिहिलंय. तारीखही पाहिली. वॉरंटी संपून चार महिने झालेत.