टॅब वाटले की शाळा सुधारते का? मास्तरांना दोष देणाऱ्या पोस्टला उत्तर

धडगाव_मास्तर:
परवा इथे एकाने लिहिलं की खान्देशातल्या जि.प. शाळा मागे पडल्या त्या मास्तरांमुळे, त्यांना नवीन काही शिकायलाच नको, प्रत्येक वर्गात स्मार्ट टीव्ही आणि प्रत्येक पोराच्या हातात टॅब द्या, पाच वर्षांत नंदुरबारचं पोरगं पुण्याच्या पोराला मागे टाकेल. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

मी बारा वर्षांपासून सातपुड्यात आहे. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, दोन खोल्या. आमच्याकडे टीव्ही आला, आठ टॅब आले, सोलर आणि बॅटरी आली. पहिलं वर्ष खरंच भारी गेलं. पोरांना समुद्र दाखवला तेव्हा तिसरीतली एक पोरगी म्हणाली, सर, पलीकडचा काठ कुठे गेला? तिने नर्मदा बघितलेली, पाण्याला दुसरा काठ असतोच हे तिला माहीत. त्या दिवशी आम्ही अख्खी दुपार काठावरच बोललो.

दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी बसली. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं हे बसवून देणाऱ्याने सांगितलंच नव्हतं, आणि ते पाणी आणायचं म्हणजे घाट उतरून शहाद्याला. नवीन बॅटरीचे पैसे कुठून आणू? सादिलमध्ये, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाला मिळणाऱ्या पैशात, खडू, कागद, झाडू आणि लाईट बिल भागलं तरी खूप. टॅब कपाटात गेले. केंद्रप्रमुख येणार असले की पुसून टेबलावर मांडतो. लिहायला लाज वाटते पण असंच आहे.

आणि टेक्नॉलॉजी माझ्याकडे नाही असं कोण म्हणतं? हजेरी चॅटबॉटवर, पोषण आहार रोज ऑनलाइन, यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची-पोरांची माहिती, शिवाय फोटो पाठवा, लिंक भरा. रेंज फक्त टेकडीवर. मी वर चढतो तेवढा वेळ दोन वर्ग मोकळे. ज्या जिल्ह्यात 29 सप्टेंबर 2010 ला टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं, तिथे पोराचं आधार जुळलं नाही म्हणून ते संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, धरलं जात नाही, मग पट कमी दिसतो आणि शिक्षकाची जागाच जाते. हे सगळं डिजिटलच आहे ना?

धुळेकर_पुण्यात:
ती पोस्ट माझीच. सर, तुमचा त्रास खरा असेल पण तुम्ही सगळं सरकारवर ढकलताय. माझी भाची शिरपूर तालुक्यातली. अकरावीला त्यांना फिजिक्सचे सर वर्षभर नव्हते, वर्षभर! क्लास लावायला पैसे नाहीत. मोबाईलवर फुकटचे व्हिडिओ बघून पोरीने बारावी काढली, आता इंजिनिअरिंगला आहे. तिला मी काय सांगू, टेक्नॉलॉजी वाईट?

आणि आपल्या धुळ्यातच हर्षल विभांडिक यांनी अमेरिकेतली नोकरी सांभाळून गावोगाव सभा घेतल्या, लोकांनी वर्गणी काढून शाळा डिजिटल केल्या. गावाचा पैसा लागला की बॅटरी गाव सांभाळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. तेही जि.प.चे मास्तरच होते. म्हणजे करणारा करतो.

धडगाव_मास्तर:
भाऊ, आठे ये एकदाव, मंग बोल. दिवाळी झाली की माझं अर्धं गाव गुजरातला ऊसतोडीला जातं, पोरं सोबत. तिकडच्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून मी त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडे ते कोणी बघतं की नाही देव जाणे. वर्गणी कोणाकडे मागू, उचल घेऊन गेलेल्या माणसाकडे? धुळ्याच्या आजूबाजूचं बागायती गाव आणि आमच्या अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातला पाडा एक नाही. आणि तुमच्या भाचीच्या गोष्टीत चूक कोणाची? फिजिक्सचा शिक्षक दिला नाही त्याची. तुम्ही त्या रिकाम्या जागेचं कौतुक करताय.

यावल_केळीवाला:
मी बाप म्हणून बोलतो. 2020 ला शाळा बंद पण शिक्षण सुरू म्हणाले, मी केळीच्या पट्टीतून दहा हजाराचा फोन घेतला. शाळा उघडली, फोन पोराच्या हातातून सुटला नाही तो नाहीच. असर या देशभरातल्या शिक्षण पाहणीत 2024 ला हेच आलंय, ग्रामीण भागातली 14 ते 16 वयाची 82 टक्के पोरं स्मार्टफोन वापरू शकतात, पण आठवडाभरात अभ्यासाला वापरला 57 टक्क्यांनी आणि सोशल मीडियाला 76 टक्क्यांनी. मला आकडा बघायची गरज नव्हती, घरात रोज बघतो.

अमळनेरची_ताई:
मी पहिलीला शिकवते. कोणी भाषेबद्दल बोलेना म्हणून लिहिते. आमच्याकडे मुलांकडून मोठ्याने वाचून घेणारं एक ॲप वापरायला सांगितलं होतं. मूल वाचतं, ॲप ऐकतं, बरोबर असेल तर शब्द हिरवा, चुकला की लाल. माझा एक मुलगा, घरी अहिराणी, अक्षरओळख पक्की. 'शाळा' दिसलं की 'शाया' वाचतो, 'काळा' ला 'काया', 'डोळा' ला 'डोया'. त्याला अक्षर कळलंय, जीभ घरची आहे. ॲपने एका पानावर सहा शब्द लाल केले. तो परत वाचला, परत लाल. तिसऱ्यांदा त्याने टॅब उलटा ठेवला आणि दप्तरात डोकं घातलं. पुढे आठवडाभर तो मोठ्याने वाचलाच नाही.

धुळेकर_पुण्यात:
ताई, मग 'ळ' शिकायचाच नाही का? उद्या एमपीएससीच्या मुलाखतीत काया-डोया बोलला तर लोक हसतील. मला पुण्यात हसलेत. मी पोराला तेच भोगायला लावू का?

अमळनेरची_ताई:
'ळ' मी शिकवतेच. पण सहा वर्षांच्या मुलाला आधी वाचता येतं हे कळू द्यायचं, मग उच्चार. तुम्हाला पुण्यात हसले त्यात चूक हसणाऱ्यांची होती, तुमच्या आईच्या भाषेची नव्हती.

लेवा_रावेर:
खान्देश म्हटलं की लगेच अहिराणी! रावेर-यावलच्या आमच्या लेवा गणबोलीतही 'ळ' चा 'य' होतो. तापीच्या इकडे आम्ही अहिराणी बोलत नाही. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, त्यांची बोली लेवा, तरी प्रत्येक कार्यक्रमात त्यांना अहिराणी कवयित्री म्हणतात. कधी थांबणार हे?

धुळेकर_पुण्यात:
भाऊ, इथे शाळेचं चाललंय. अहिराणी बोलणारे जास्त आहेत म्हणून नाव येतं, त्यात एवढं चिडायचं काय?

लेवा_रावेर:
जास्त आहेत म्हणून दुसऱ्याची कवयित्री न्यायची? हीच दादागिरी प्रमाण मराठी तुमच्यावर करते तेव्हा पुण्यात तुम्हाला लागलं ना? मग मला का लागू नये?

धडगाव_मास्तर:
तुम्ही दोघं 'ळ' वर भांडा, माझ्या पोरांना मराठीच परकी आहे. घरी पावरी नाहीतर भिली. व्हिडिओतली बाई भरभर बोलत पुढे जाते, पहिलीची पोरं तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. मी बंद करतो, चौथीतली एक पोरगी उठून पावरीत सांगते, सगळे हसतात, मान डोलावतात, मग पुढे. शेवटी तिचाच आवाज माझ्या मोबाईलमध्ये घेतला. तिचं पावरी वाक्य, मग मराठी. अशा वीसेक गोष्टी केल्या. बॅटरी होती तोवर रोज लावायचो आणि पोरं जागची हलायची नाहीत.

धुळेकर_पुण्यात:
अहो सर, मग हीच तर टेक्नॉलॉजी! तुम्ही स्वतः केली आणि वर विरोधात लिहिताय?

धडगाव_मास्तर:
विरोधात एक शब्द लिहिला असेल तर दाखवा. तुम्ही म्हणालात मास्तरांना नको आहे. मला हवी आहे, पण वर्गात दोन माणसं, बॅटरीला पैसे आणि पोराची भाषा यांच्यासकट हवी आहे. नुसता खोका पाठवून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा उठवायच्या आणि तोरणमाळची शाळा दाखवून समूह शाळा, म्हणजे लहान शाळा मिळून एकच मोठी, करा म्हणायचं, त्यात माझा पाडा आधी जाईल.

अमळनेरची_ताई:
त्या गोष्टी मला पाठवाल का? आमच्याकडे आजीला बसवून अहिराणीत करून घेते.

धुळेकर_पुण्यात:
ठीक आहे, सगळ्याच मास्तरांना झोडपलं ते जास्त झालं. काहींबद्दल माझं मत तेच आहे, तेवढं मी सोडणार नाही. बॅटरी किती एएचची लागते ते टाका, आम्ही पुण्यातले चार-पाच जण बघतो.

धडगाव_मास्तर:
150 एएच, ट्यूब्युलर. पण भाऊ, आधी शहाद्याचा एखादा मेकॅनिक ठरवा, दर तीन महिन्यांनी वर येऊन पाणी बघणारा. ते जमणार नसेल तर बॅटरी पाठवू नका, दोन वर्षांनी मला परत टॅब पुसत बसावं लागेल.

लेवा_रावेर:
बहिणाबाईंबद्दल मी विचारलं त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.