सुहार्तो आणि मार्सिना एकाच दिवशी 'राष्ट्रीय वीर': तुम्हाला पटतं का?

मुळाकाठ

१० नोव्हेंबर हा इंडोनेशियातला वीर दिन. १९४५ साली सुराबायात ब्रिटिश फौजेशी झालेल्या लढाईची ती आठवण. २०२५ च्या वीर दिनाला अध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी दहा जणांना 'राष्ट्रीय वीर' हा किताब दिला. त्यात सुहार्तो आहेत. जनरल, तीन दशकं देशाचे सर्वेसर्वा, आणि प्रबोवोंचे एके काळचे सासरे. त्याच यादीत मार्सिनाही आहे.

मार्सिना कोण हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. पूर्व जावात सिदोआर्जो जिल्ह्यात पोरोंग म्हणून गाव आहे. तिथल्या घड्याळाच्या कारखान्यात ती कामगार होती. वय २४. गव्हर्नरने मजुरी वाढवायचं परिपत्रक काढलं होतं, मालक ते पाळत नव्हता. मागणी काय, तर दिवसाचे १,७०० रुपिया आहेत ते २,२५० करा. मे १९९३ मध्ये संप झाला. ५ मे रोजी तेरा कामगारांना लष्कराच्या जिल्हा ठाण्यात बोलावून राजीनामे लिहून घेतले. कारखान्याच्या वादात लष्कराचं काय काम, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती. मार्सिना त्या तेरा जणांची चौकशी करत फिरली आणि त्याच रात्री बेपत्ता झाली. काही दिवसांनी न्गान्जुक जिल्ह्यातल्या एका झोपडीत तिचा छळ झालेला मृतदेह सापडला. कारखान्यातल्या लोकांवर खटला चालला, शिक्षा झाल्या, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. खरा खुनी आजतागायत सापडलेला नाही.

ती मेली तेव्हा सत्तेवर कोण होतं? सुहार्तो. दोघांना एकाच दिवशी एकाच मंचावरून वीर ठरवणं मला अजिबात मान्य नाही. तुमचं मत सांगा.

गिरणीवाला

असहमत. नव्वदच्या दशकात मी पश्चिम जावात कापड गिरणीत नोकरीला होतो. आपल्याकडचे बरेच लोक तेव्हा तिकडच्या गिरण्यांत होते. म्हणून पाहिलेलं लिहितो.

सुहार्तोंच्या हाती देश आला तेव्हा, १९६६ मध्ये, महागाईचा दर ६०० टक्क्यांच्या वर होता. आधीचे अध्यक्ष सुकार्नो यांची भाषणं उत्तम, पण भाषणांनी चूल पेटत नाही. पुढे १९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि त्यातून पाच-सहा वर्षांत ६१,००० च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलं त्यातल्याच एका शाळेत जायची. कौलारू छप्पर, तीन-चार खोल्या, पुढे झेंड्याचा खांब आणि सोमवारी सकाळी झेंडावंदन. त्या बाईंना स्वतःला सही येत नव्हती, मुलगी मात्र नर्स झाली. गावोगाव महिन्यातून एकदा बायका जमून पोरांची वजनं करायच्या, वहीत लिहून ठेवायच्या. 'दोन मुलं पुरेत' ही घोषणा बसथांब्यापासून नाण्यापर्यंत सगळीकडे. सरकारी आकड्यांनी १९७६ मध्ये ४० टक्के लोक गरीब होते, १९९६ मध्ये ११ टक्के. हे आपोआप होत नाही हो.

जावातल्या ट्रकांच्या मागे आजही सुहार्तोंचं हसरं चित्र दिसतं. खाली जावानी भाषेत लिहिलेलं असतं, 'कसं काय? माझाच काळ बरा होता ना?' ते ट्रकवाले काही लष्कराचे नोकर नाहीत.

मुळाकाठ

गिरणीवाला काका, शाळा झाल्या हे मान्य. मी ते नाकारतच नाही. पण हिशेब १९६६ पासून का सुरू करता? एक वर्ष मागे या.

१ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे सहा जनरलांची हत्या झाली. त्याचं खापर कम्युनिस्टांवर फुटलं आणि पुढच्या काही महिन्यांत जावा, बाली, उत्तर सुमात्रा इथे किमान ५ लाख माणसं मारली गेली. लष्कराची सूत्रं सुहार्तोंच्या हातात होती. लाखो तुरुंगात गेले. बुरू बेटावर सुमारे १२,००० जण खटल्याशिवाय १९७९ पर्यंत सडले.

सुटले तेही खरे सुटले नाहीत. त्यांच्या ओळखपत्रावर 'ईटी' अशी अक्षरं असायची, म्हणजे माजी राजकीय कैदी. त्यांच्या मुलांना, जावयांना सरकारी नोकरी नाही, लष्करात प्रवेश नाही. तुमच्या त्या झेंडावंदनाच्या शाळेत मास्तर व्हायचं तरी आधी 'घराणं स्वच्छ' असल्याचं सिद्ध करावं लागे. बाप १९६५ मध्ये कम्युनिस्टांच्या कुठल्या शेतकरी संघटनेत होता, याची शिक्षा १९८५ मध्ये मुलगी भोगतेय. याला विकासाची किंमत म्हणायचं असेल, तर ती कुणाकडून वसूल केली तेही सांगा.

कृष्णाकाठची शेतकरीण

मला दोघांचंही अर्धंच पटतंय. भाताबद्दल लिहिते, कारण तो माझा विषय.

१९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण ती क्रांती वरून खाली आली होती. कोणतं बियाणं, किती खत, कधी फवारणी, सगळं साहेब सांगणार. कीटकनाशकांवर भलीमोठी सबसिडी, त्यामुळे फवारण्या बेसुमार. कोळी, मित्रकीटक मेले आणि तपकिरी तुडतुडा, भाताचा रस शोषणारी कीड, मोकाट सुटला. १९८५-८६ मध्ये जावात उभी पिकं करपली. तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितलं की दुखणं औषधातच आहे. आणि सुहार्तोंनी ते ऐकलं. १९८६ मध्ये एका आदेशाने भातावरची ५७ कीटकनाशकं बंद. पुढे सबसिडी गेली आणि शेतकऱ्यांच्या शेतीशाळा निघाल्या, बांधावर बसून कीड मोजायला शिकवणाऱ्या. आपल्याकडेही नंतर कापसात, भातात शेतीशाळा आल्या त्या याच वाटेने.

त्या एका आदेशासाठी मी या माणसाला मान देते. किताब देणार नाही. ज्या देशात शेतकरी संघटनेत नाव होतं म्हणून माणसं मारली, तिथे 'हे औषध नको' हे शेतकऱ्याने मोठ्याने म्हणायचं कसं? ते सांगायला शास्त्रज्ञच लागले.

गिरणीवाला

ताई, शेतीशाळेचं मला माहीत नव्हतं. पण मुळाकाठ, सुहार्तो २१ मे १९९८ ला गेले आणि पुढे काय झालं ते बघा. पूर्वेकडच्या अंबोन बेटावर १९९९ पासून मुसलमान-ख्रिस्ती एकमेकांवर तुटून पडले, हजारो मेले. २०१७ मध्ये जकार्ताच्या ख्रिस्ती, चिनी वंशाच्या गव्हर्नरला, अहोक यांना, धर्मनिंदेबद्दल दोन वर्षं तुरुंगात टाकलं. माझ्या काळात अशा जमावांची हिंमत नव्हती. तिथलं पंचशील, म्हणजे घटनेतली पाच राष्ट्रीय तत्त्वं, तेव्हा सगळ्यांना पाळावंच लागे.

दर्यावर्दी

काका, चिनी वंशाच्या लोकांसाठी ते पंचशील कुठे होतं? १९६६ मध्ये त्यांच्या शाळा बंद झाल्या, नावं बदलायचा दबाव आला. १९६७ च्या आदेशाने त्यांचे सण चार भिंतींच्या आत गेले. सिंहनृत्य रस्त्यावर यायला २००० साल उजाडलं, गुस दुर, म्हणजे अब्दुर्रहमान वाहिद, अध्यक्ष झाल्यावर. एकीकडे मूठभर चिनी उद्योगपतींना मक्तेदाऱ्या दिल्या आणि दुसरीकडे साध्या चिनी दुकानदाराला लोकांच्या रागापुढे उभं केलं. मे १९९८ मध्ये जकार्तात त्यांचीच दुकानं जळली, त्यांच्याच बायकांवर अत्याचार झाले. तेव्हा सुहार्तो अजून खुर्चीवर होते.

धर्माचंही तसंच. १९८० च्या दशकात सरकारी शाळेत डोक्याला रुमाल बांधला म्हणून मुलींना बाहेर काढत. मग लष्करातले काही जनरल दुरावले तसे सुहार्तो धार्मिक मुसलमानांकडे वळले. १९९० मध्ये मुस्लिम विचारवंतांच्या संघटनेला आशीर्वाद, १९९१ मध्ये शाळेत रुमालाला परवानगी, त्याच वर्षी स्वतः हजला. आज काही भागांत उलट रुमाल बांधायची सक्ती होते. २०२१ मध्ये पाडांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिस्ती मुलीला तो घालायला सांगितला म्हणून देशभर गाजलं. मुलींनी काय घालावं हे वरून ठरवायची सवय तिथली जुनी आहे.

गिरणीवाला

मे ९८ बद्दल मी वाद घालणार नाही. आमच्या वसाहतीतून धूर दिसत होता. बायको-मुलांना मिळेल त्या विमानाने पाठवलं. पण त्याआधी रुपिया डॉलरला २,४०० वरून १०,००० च्या पुढे गेला होता, लोकांची कमाई वाहून गेली होती. तो राग कुठेतरी फुटणारच होता.

मुळाकाठ

फुटणार होता, पण तो गरीब दुकानदारावरच का फुटला, हा दर्यावर्दींचा मुद्दा आहे.

मला काळजी पुढची वाटते. लोकांनी १९९८ नंतर काय काय मिळवलं! अध्यक्षाला दोनच कार्यकाळ, २००४ पासून थेट निवडणूक, लष्कराच्या संसदेतल्या राखीव जागा बंद. आता सप्टेंबर २०२४ मध्ये घटना बदलण्याचा अधिकार असलेल्या सर्वोच्च सभेने १९९८ च्या भ्रष्टाचारविरोधी ठरावातून सुहार्तोंचं नाव काढलं. मार्च २०२५ मध्ये कायदा बदलून नोकरीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना आणखी सरकारी पदं खुली केली. नोव्हेंबरमध्ये किताब. हे सुटं सुटं घडतंय असं मला वाटत नाही. २००७ पासून दर गुरुवारी जकार्तात राजवाड्यासमोर काळ्या छत्र्या घेऊन बेपत्ता आणि मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक उभे राहतात. त्यांना अजून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही, आणि किताब मात्र वाटून झाले.

गिरणीवाला

मार्सिनाची फाईल पुन्हा उघडावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. लष्करी ठाण्यातल्या लोकांचीही चौकशी व्हावी. किताबाबद्दल मात्र माझं मत तेच. ज्याने शाळा बांधल्या त्याचं नाव त्या देशाने घ्यावं.

कृष्णाकाठची शेतकरीण

नाव घ्या की काका, जरूर घ्या. शाळेच्या पुस्तकात त्या ६१,००० शाळाही लिहा आणि बुरू बेटही लिहा. किताब दिल्यावर तिथला कुठला मास्तर बुरू बेटाचा धडा वर्गात मोकळेपणाने शिकवेल, एवढंच मला सांगा.