मेकॅनम घेताना वजन कुठे पडतं तेही बघा
मेकॅनम म्हणजे कडेने तिरके रोलर बसवलेली चाकं; त्यांवर रोबो आडवाही सरकतो. अशा रोबोला प्रतिस्पर्धी सहज ढकलतात असं म्हणतात ते बरोबरच, पण एफटीसीच्या (फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबो स्पर्धेच्या) मैदानावर त्याआधी नडते ती वजनाची वाटणी. आडवं सरकताना चारही चाकांवर जवळपास सारखा भार लागतो. लिफ्ट आणि पंजा एकाच टोकाला आले की हलक्या टोकाची चाकं घसरतात आणि रोबो सरकता सरकता वळतो. चौकट पिळलेली असेल तर एक चाक अधांतरी राहतं, तेव्हाही हेच. बॅटरी लिफ्टच्या विरुद्ध टोकाला टाका, निम्मं काम तिथेच होतं.

चारही चाकांचे रोलर वरून पाहिले की मिळून फुलीसारखे (X) दिसायला हवेत. उलटे बसले तर पुढे-मागे, आडवं सगळं चालतं, फक्त जागेवर वळणं जवळजवळ बंद; आणि मंडळी कोडमध्ये चूक शोधत बसतात! वेगाचं गणित: ९६ मिमी चाक, ३१२ आरपीएम मोटर म्हणजे बिनभाराचा वेग सेकंदाला साधारण १.५७ मीटर, ४३५ आरपीएमला २.१९. नवख्या चालकाला पहिली पुरे. धक्काबुक्कीच करायची असेल तर सरळ सहाचाकी घ्या, मधली जोडी २-३ मिमी खाली. नाहीतर वळताना चाकं अडखळतात.