मोटरहोमची वायर गुंडाळणारी मोटार अर्ध्यात बसते, बदलू का?

पन्हाळकर:
मंडळी, डॅलसला असतो. गेल्या वर्षी जुनं मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी घेतली, ५० अँपिअरवाली. मुक्कामाच्या जागी विजेच्या खांबाला जोडायची वायर डिकीतल्या मोठ्या रिळावर असते. बटण दाबलं की मोटार ती आत ओढते, म्हणजे ओढायला हवी. परवा टेक्सासमधल्याच पालो ड्युरो कॅन्यनहून निघताना निम्म्याहून जास्त वायर आत गेली आणि मग नुसतं घुंऽऽऽ. जरा वेळाने तेही बंद. दहा मिनिटांनी पुन्हा बटण दाबलं, तर हातभर वायर आत आणि परत शांत. शेवटी मी आणि मुलीने उरलेली वायर कोंबून कसंबसं झाकण लावलं. डीलर म्हणतो, मोटारच बदला. काय करू?

वायरमन_काका:
घाई करू नका. दहा मिनिटांनी चालते याचा अर्थ तिचा १२ व्होल्टचा ब्रेकर तापून उडतोय आणि थंड झाला की आपोआप बसतोय. मोटार बहुधा ठीक आहे, तिच्यावर ताण येतोय. दोन गोष्टी विचारतो. वायर शेवटची कधी पुसली होती? आणि गुंडाळताना इंजिन चालू होतं का?

पन्हाळकर:
पुसायची असते?? इंजिन बंदच होतं.

वायरमन_काका:
मग दोन्ही सापडलं. खांबावरून वायर काढली की बॅटरीचं चार्जिंग थांबतं. आधीच दमलेल्या बॅटरीवर मोटार खेचायला लावता, मग ती कण्हणारच. गुंडाळताना इंजिन चालू ठेवा.
आणि पालो ड्युरोची ती लाल माती! ओली झाली की वायरला लिंपण बसतं. सगळी वायर बाहेर काढा, अंगणात सरळ पसरा, पीळ काढा. साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा. अर्थात खांबापासून सोडवल्यावरच, आणि जनरेटरही बंद.

फिरस्ती_मनीषा:
आमच्याकडे वेगळंच झालं होतं. वायर रिळाच्या एकाच बाजूला चढत गेली, ढीग झाला आणि तो बॉडीला घासायला लागला. तेव्हापासून एकजण बटणावर, दुसरा वायरपाशी. ओलं फडकं मुठीत धरायचं, वायर त्यातून जाऊ द्यायची आणि हात डावीउजवीकडे फिरवत राहायचा. लहानपणी फिरकीवर मांजा भरायचो ना, अगदी तसंच. पुसणं आणि गुंडाळणं एकाच कामात होतं. हातमोजे घाला आणि बोटं रिळापासून लांब ठेवा.

गॅरेजवाला:
गंज काढायचा स्प्रे मारा, सुळकन आत जाते.

वायरमन_काका:
नका मारू. तेलकट वायरवर धूळ आणखी चिकटते आणि पेट्रोलियमने वरचं आवरण हळूहळू खराब होऊ शकतं. मारायचाच तर सिलिकॉनचा, तोही फडक्यावर घेऊन. प्लगच्या दांड्यांना मात्र लावू नका.
पन्हाळकर, एक राहिलं. मुक्कामाला असताना वायर किती बाहेर काढता?

पन्हाळकर:
लागेल तेवढीच. खांब जवळ असला तर अर्धी रिळावरच राहते. उन्हाळ्यात दोन्ही एसी चालू असतात.

वायरमन_काका:
ही सवय मोडा. मोटारीपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. मोकळ्या वायरची उष्णता हवेत जाते, वेटोळ्यातली तिथेच कोंडते. त्यात करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. दोन एसी, वर मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटर असं सगळं एकदम लागलं की रिळाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. लोड जास्त असेल तेव्हा सगळी वायर बाहेर, उरलेली गाडीखाली सैल नागमोडी पसरायची. तासाभराने प्लगजवळ वरून हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर एसी बंद करा. आणि काढताना आधी गाडीतले एसी बंद, मग खांबाचा ब्रेकर, मग प्लग.

पन्हाळकर:
आज रविवारी सगळं केलं. बादलीतलं पाणी विटकरी झालं! आधी इंजिन बंद ठेवून बटण दाबलं तेव्हा मीटरवर बॅटरी ११.४ व्होल्टवर आली. इंजिन चालू केलं, मुलीने फडकं धरलं, वायर एका दमात आत. डीलरला नाही कळवलंय.
फक्त, पुसताना प्लगची एक दांडी तपकिरी दिसली, तिच्या मुळाशी प्लास्टिक थोडं वितळल्यासारखं आहे.

वायरमन_काका:
घासून साफ करत बसू नका. पुढच्या ट्रिपआधी इलेक्ट्रिशियनकडून प्लग नवा बसवून घ्या. त्याला सांगा, आत तांबं काळं पडलेलं दिसलं तर चकचकीत लागेपर्यंत वायर मागे कापायची.