टायगर जीच्या आधी तुटतो, मग कॅमल एमच्या नंतर का?

डिचोलीकरीण
मुलगी मराठी शाळेतून यंदा पाचवीला इंग्रजीत गेली. गृहपाठात शब्दांचे सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, पाडायचे होते. तिने टाळ्या वाजवून 'टायगर' मोजला: टा-य-ग-र, चार. 'टेबल'चे तीन. बाईंनी दोन्हींवर फुली मारून '२' लिहिलं, का ते नाही सांगितलं. त्यात टायगर तोडायचा जीच्या आधी आणि कॅमल एमच्या नंतर! गणेश चवथीच्या सुट्टीनंतर लगेच चाचणी आहे, कुणी नीट सांगेल का?

फोंड्याचा मास्तर
ताई, मुलगी देवनागरीतली अक्षरं मोजतेय. मोजायचे ते ऐकू येणारे स्वर. हनुवटीखाली हात धरून 'टायगर' म्हणायला लावा, हनुवटी दोनदाच खाली जाईल. 'आय' हा जोडस्वर, तो एकच. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये व्यंजनांची एवढी गर्दी, तरी सिलॅबल एक.

आता तोडायचं कुठे? टायगरमधला 'आय' लांब. तो उघडा राहू शकतो, म्हणून जी पुढच्या तुकड्यात जातो. कॅमलमधला 'ॲ' आखूड आणि जोरही त्याच्यावर. अशा स्वराला मागून व्यंजनाचा टेकू लागतो, म्हणून एम त्याच्याकडे. हे मराठीला नवं नाही हो. 'पुस्तक' आपण लिहितो पु-स्त-क, म्हणतो पुस्-तक. म्हणून तर वृत्तात ऱ्हस्व 'पु' गुरू धरतात. पोरीला आधी हे दाखवा, मग इंग्रजी.

बाकी सोपं: बी दोनदा आला तर मधून तोडा, रॅब-बिट. शेवटी एल-ई असेल तर आधीचं व्यंजन त्याच्याबरोबर, टे-बल. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटच्या ई-डीचा वेगळा सिलॅबल टी किंवा डीनंतरच होतो: 'वॉन्टेड' दोन, 'जम्प्ड' एक. पोरं 'जम्पेड' म्हणतात आणि मार्क घालवतात.

म्हापशाचा डीटीपीवाला
सरांचं बरोबर. फक्त डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये दिलेली टिंबं मोजत बसू नका, त्या ओळीच्या टोकाला शब्द तोडायच्या जागा आहेत. 'अबाउट'चे सिलॅबल दोन, पण मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन डिक्शनरीत त्यात टिंबच नाही, कारण ओळीच्या टोकाला एकटा ए सोडत नाहीत. 'नॉलेज' अमेरिकन छपाईत एलनंतर तुटतो, कारण ते उच्चार बघतात. जुनी ब्रिटिश पद्धत 'नो' अख्खा ठेवून एलच्या आधी तोडते. डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या छपाईची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी फ्रँक लियांग यांनी १९८३च्या प्रबंधात यावर पद्धत बसवली, तरी 'रेकॉर्ड'पुढे मशीन अडतंच: नाम असेल तर सीनंतर तोडायचं, क्रियापद असेल तर सीच्या आधी. मशीनला वाक्य कुठे कळतं! इंग्रजी मजकूर लावताना असले शब्द मी आजही हातानेच बघतो.

डिचोलीकरीण
सर, पुस्-तक लगेच कळलं तिला. आता विचारतेय, 'फायर' किती?

फोंड्याचा मास्तर
बरोबर नस पकडली! कुणी एक म्हणतं, कुणी दोन, शब्दकोशही दोन्ही उच्चार देतात. बाई वर्गात कसं म्हणतात ते ऐकून तसंच लिही म्हणावं.