जुन्या स्कॉर्पिओची ओढ माफक खर्चात वाढवता येईल का?

सुरूरफाटा
नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची, २.२ लिटर एमहॉक इंजिनाची स्कॉर्पिओ असून ती आजवर १ लाख ६८ हजार किलोमीटर चालली आहे. रोज सिंहगड रस्त्यावरून हिंजवडी आणि महिन्यातून दोनदा वडिलांकडे वाई, असा तिचा वापर आहे. तिने मला कधीही रस्त्यात उभे केलेले नाही आणि ती विकण्याचा विचारही नाही. अडचण अशी की पाच माणसे बसलेली आणि एसी चालू असताना खंबाटकीचा जुना घाट ती पूर्वी जिथे तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तिथे आता दुसरा टाकावा लागतो, आणि ट्रकला मागे टाकताना आपला अंदाज चुकेल अशी धास्ती वाटते. दोन वर्षांपूर्वी २३५/७० आर १६ ऐवजी २४५/७५ आर १६ टायर बसवले. बाकी सर्व मूळचे आहे. चाळीस हजारांपर्यंत खर्च करता येईल. रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील प्रोग्राम बदलणे), ट्यूनिंग बॉक्स (त्या संगणकाला बाहेरून जोडायची पेटी), वेगळा एअर फिल्टर आणि मोठा सायलेन्सर असे चार सल्ले मिळाले आहेत. यांपैकी आधी काय करावे?

काजळी
यांपैकी काहीच आधी करू नका. कंपनीने दिलेले १२० अश्वशक्ती आणि २९० न्यूटन-मीटर आज तुमच्या इंजिनात शिल्लक आहेत का, हे प्रथम तपासा. माझा अनुभव असा की दीड लाख किलोमीटरनंतर ज्याला आपण इंजिनाची कमतरता समजतो, ती बहुतेक वेळा कुठेतरी गळणारी किंवा अडलेली हवा असते.

हिंजवडीच्या रांगेत तासन्‌तास कमी वेगात चालणाऱ्या डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्हमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) येणारी काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातून) येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, डांबरासारखा थर साचतो. तोच थर दाब मोजणाऱ्या सेन्सरवर बसला की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, चुकीचा आकडा मिळतो आणि डिझेलचे प्रमाण बिघडते. टर्बोपासून (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्यापासून) इंटरकूलरपर्यंतच्या (ती हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या) रबरी होजना पट्ट्याखाली चीर पडलेली असते, ती वरून दिसत नाही. तिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसली की समजावे. इंजिन बंद ठेवून या नळ्यांत बाहेरून हलक्या दाबाची हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले, तर गळती लगेच सापडते. टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालत असेल, तर त्याची बारीक नळीही बदलून घ्या. त्यानंतर डिझेल पंप-नोझलचे काम करणाऱ्यांकडून इंजेक्टरची रिटर्न तपासणी करून घ्या. एखादा इंजेक्टर इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल परत पाठवत असेल, तर ती झीज कोणत्याही रीमॅपने भरून येत नाही. काही गॅरेजमध्ये ईजीआर पत्रा लावून कायमचा बंद करण्याचा सल्ला देतात. तसे करू नये. त्यामुळे धुरातील नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. तो व्हॉल्व्ह सोडवून स्वच्छ करून घ्यावा.

आणखी एक सोपी गोष्ट, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, ती म्हणजे पीयूसीची पावती. डिझेल गाडीच्या पावतीवर धुराचा आकडा छापलेला असतो आणि बीएस-४ गाडीसाठी त्याची मर्यादा १.६२ आहे. गाडी पास झाली एवढेच न पाहता मागच्या तीन-चार पावत्या शेजारी ठेवा. आकडा चढत असेल, तर डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही किंवा इंजेक्टर नीट फवारत नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे.

टायरचे गणितही मांडतो. मूळ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर आणि तुमच्या नव्या टायरचा ७७४, म्हणजे सर्व गिअर पाच टक्क्यांनी उंच झाले आणि चाकाशी पोहोचणारी ओढ तेवढीच घटली. मीटर ८० दाखवत असताना तुम्ही प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने जात आहात.

नानापेठ
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त दोन गोष्टींची भर घालतो. तेल लावलेला कापडी एअर फिल्टर पुण्यातील मेट्रो आणि रस्त्यांच्या कामांच्या धुळीत वापरू नये. टर्बो इंजिनात त्याने मिळणारा फायदा नगण्य असतो, आणि तेल जास्त लागले तर ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. मूळ कागदी फिल्टर वेळेआधी बदलणे हाच उत्तम मार्ग आहे. मोठ्या सायलेन्सरने आवाज वाढेल, चढ सोपा होणार नाही. ट्यूनिंग बॉक्स तर मी जुन्या गाडीला कधीच सुचवणार नाही. त्यांतील बरेचसे बॉक्स ईसीयूला रेलमधील (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील) दाब खरा आहे त्याहून कमी असल्याचे भासवतात, म्हणून पंप दाब वाढवतो आणि जादा डिझेल आत जाते. दीड लाख किलोमीटर चाललेल्या पंपाला व इंजेक्टरला हा भार सोसवेलच असे नाही.

ताम्हिणी
माझे मत थोडे वेगळे आहे. तपासणी आणि दुरुस्ती आधी, हे मान्य. परंतु त्यानंतर सौम्य रीमॅप करण्यात गैर काही नाही, आणि माझ्या २.२ लिटर गाडीला १५ टक्क्यांच्या आसपास वाढ दिल्यावर घाटातील फरक मला स्पष्ट जाणवला. मात्र काम करणाऱ्याने आधी लॉग (गाडी चालताना इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घेतले पाहिजेत, धूर दिसणार नाही इतपतच डिझेल वाढवले पाहिजे आणि मूळ फाइल तुमच्या हाती दिली पाहिजे. माझी चूक अशी झाली की क्लच तपासला नाही, आणि रीमॅपनंतर दोन महिन्यांतच चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की आरपीएम वाढायचे पण वेग वाढत नसे. क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेटचा खर्च रीमॅपइतकाच झाला.

कागदपत्रांचाही विचार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. शिवाय २०११ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपणार आणि आरटीओत तपासणी होणार. मी तुमच्या जागी असतो तर नूतनीकरण होईपर्यंत ईसीयूला हात लावला नसता.

सुरूरफाटा
सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काम करून घेतले. इंटरकूलरच्या खालच्या होजला पट्ट्याखाली बोटभर लांबीची चीर होती, आणि इनटेकमधून निघालेला थर पाहून मेकॅनिकही थक्क झाला. तीन इंजेक्टर ठीक निघाले, एक दुरुस्त करावा लागला. सर्व मिळून २३ हजार रुपये खर्च आला. पीयूसीवरील आकडा १.३८ वरून ०.६१ वर आला आहे. काल वाईला जाताना पाच माणसांसह, एसी चालू ठेवून, खंबाटकीत फक्त एका वळणावर दुसरा गिअर टाकावा लागला. उरलेले पैसे मूळ मापाच्या टायरसाठी बाजूला ठेवले आहेत. क्लच बदलण्याची वेळ येईल, तेव्हा रीमॅपचा प्रश्न ताम्हिणी यांना पुन्हा विचारेन.