समेटाची बैठक आणि कोर्टाचा मनाई हुकूम

स. न. वि. वि.
आपल्या मंडळाच्या एका सभासदाला इथे अमेरिकेत घरातील मारहाणीच्या तक्रारीवरून अटक होऊन दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. तो एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, पत्नी एच-फोरवर (त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर). तिची आता तक्रार पुढे नेण्याची इच्छा नाही. तेव्हा रविवारी आपल्यापैकी दोन-चार ज्येष्ठांनी दोघांना समोर बसवून प्रकरण मिटवावे, असे सुचवतो. गुन्हा कबूल करून समुपदेशनाचा कोर्स पूर्ण केला की खटला निकाली निघतो, असे त्याला कुणीतरी सांगितले आहे, त्यामुळे फार काळजीचे कारण दिसत नाही.
— कार्यकारिणी सदस्य

नमस्कार,
आपला हेतू चांगला आहे, पण ही बैठक कृपया घेऊ नये. अमेरिकेत असा खटला पत्नीचा नसून सरकारचा असतो. तो चालवायचा की सोडायचा हे प्रॉसिक्यूटर, म्हणजे सरकारी वकील, ठरवतो. ती साक्षीला आली नाही की खटला आपोआप पडतो, हाही गैरसमज आहे, कारण चालू संकटात मदतीसाठी नाइन-वन-वन या आपत्कालीन क्रमांकावर सांगितलेली हकीकत साक्षीशिवायही पुरावा म्हणून घेता येते, असे सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये डेव्हिस खटल्यात ठरवले आहे.

जामिनाबरोबर बहुधा नो-कॉन्टॅक्ट ऑर्डर, म्हणजे पत्नीशी कोणताही संपर्क ठेवण्यास कोर्टाची मनाई, आलेली असेल, आणि खरा धोका तिथेच आहे. पत्नीने स्वतःहून ‘मुलाच्या लसीकरणाची फाइल कुठे आहे?’ असा मेसेज केला आणि त्याने ‘कपाटात, वरच्या खणात’ एवढेच उत्तर दिले, तरी हुकूम मोडणारा तोच ठरतो. हुकूम कोर्टाचा असल्यामुळे पत्नीच्या संमतीने तो सैल होत नाही. बदल हवा असेल तर वकिलामार्फत अर्ज करावा लागतो. अशा हुकमांत सहसा तिसऱ्या व्यक्तीमार्फत निरोप पाठवण्यासही मनाई असते, म्हणजे आपली बैठक त्यालाच पुन्हा तुरुंगात पाठवू शकते. शिवाय 1996 पासूनच्या इमिग्रेशन कायद्यानुसार संरक्षणासाठी दिलेला हुकूम मोडल्याचे कोर्टाने नोंदवले, तर शिक्षा झालेली नसतानाही देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते.

कबुलीबद्दल तर अधिकच सावध राहावे. कबुली दिली आणि न्यायाधीशाने त्यावर कोणतेही बंधन घातले, तर कोर्स पूर्ण झाल्यावर राज्याच्या कोर्टाने खटला काढून टाकला तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने ती बहुतेक वेळा शिक्षाच धरली जाते. म्हणून कबुलीविना होणारे डायव्हर्जन (कोर्स वगैरे पूर्ण करून खटला निकाली काढण्याची सोय) आणि कबुलीनंतरचे डायव्हर्जन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. देशाबाहेर जावे लागण्याचा धोका अशिलाला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या पडिया (Padilla) खटल्यापासून ठरलेले आहे; त्याने हा प्रश्न वकिलाला स्पष्ट विचारावा आणि इमिग्रेशनच्या वकिलाचे मतही घ्यावे. बचावासाठी सगळे मेसेज, स्वतःच्या अंगावरील जखमांचे फोटो आणि शेजाऱ्यांची माहिती जपून ठेवावी. काहीही डिलीट करू नये. पोलिसांना ‘आमचं नेहमीचंच भांडण होतं’ असे समजावत बसण्यापेक्षा वकिलाशिवाय बोलणार नाही असे सांगणे केव्हाही बरे. आरोप खोटा किंवा अतिरंजित असेल, तर तो खोडून काढण्याची जागा कोर्ट आहे, मंडळाचा हॉल नव्हे.
— एक वकील सभासद

नमस्कार,
वरील पत्राला पुस्ती जोडते. ‘पत्नीची इच्छा नाही’ हे तिने स्वतः सांगितले आहे, की सासरच्या फोननंतर आपल्यापर्यंत पोहोचले आहे? एच-फोरवरील स्त्रीला व्हिसा जाण्याच्या भीतीने गप्प बसावेसे वाटते, पण तिलाही मार्ग आहेत: छळ झालेल्या एच-फोर जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि तपासात सहकार्य करणाऱ्या पीडितेसाठी यू व्हिसा आहे, जरी त्याची रांग अनेक वर्षांची असली तरी. तिचा वकील पतीच्या वकिलापेक्षा वेगळा असायला हवा आणि तो तिने निवडलेला असावा. तिच्याशी फक्त मी बोलेन, तेही तिची इच्छा असेल तरच, आणि पतीचा कोणताही निरोप मी नेणार नाही.
— महिला मदत गटाची स्वयंसेविका

दोन्ही पत्रांबद्दल आभारी आहे. रविवारची बैठक रद्द समजावी. पुढील पत्रव्यवहार या यादीवर करू नये.
— कार्यकारिणी सदस्य